वर बर्फ होतोय, खाली दूध नासतंय: गॅस भरायच्या आधी हे बघून घ्या

ताई, तुमची तक्रार थोडक्यात अशी: दोन दरवाज्यांचा, २६० लिटरचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज, घेऊन सहा वर्षं झाली. आठवड्याभरापासून वर फ्रीजरमध्ये बर्फ होतोय, पण खाली काहीच गार राहत नाही. सकाळी आणलेलं दूध संध्याकाळी तापवायला ठेवलं की नासतं, कोथिंबीर दोन दिवसांत पिवळी पडते. मेकॅनिक आला, फ्रीज मागून हात लावून बघितला, दहा मिनिटांत "गॅस गेलाय" म्हणाला आणि ३,८०० रुपये सांगून गेला. गॅस भरून घ्यावा का, असं तुम्ही विचारताय.

आत्ता भरून घेऊ नका. तुम्ही सांगितलेली लक्षणं ऐकली की माझा पहिला संशय गॅसवर जात नाही, फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड साचलेल्या बर्फावर जातो. तो संशय खरा की खोटा हे एक रुपया न घालवता घरच्या घरी कळतं. त्यासाठी एक अख्खा दिवस फ्रीज बंद ठेवायची तयारी हवी, एवढंच.

आधी गॅसचं बोलू, कारण याच एका शब्दावर लोकांचे सगळ्यात जास्त पैसे जातात. फ्रीजमधला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच तो गॅस फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये, म्हणजे मागच्या जाळीत किंवा बाजूच्या पत्र्याआडच्या नळ्यांत, तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, मग कॅपिलरी नावाच्या अगदी बारीक नळीतून फ्रीजरच्या कॉइलमध्ये, म्हणजे वळणावळणाच्या नळ्यांमध्ये, शिरतो, तिथे उकळतो आणि उकळताना आतली उष्णता ओढून घेतो. नळी कुठे गंजली, फुटली किंवा जोड सुटला तरच तो कमी होतो. आणि तसं झालं असेल तर ती जागा शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा जाणारच. "दोन-तीन वर्षांनी गॅस भरावाच लागतो" असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

आता तुमच्या फ्रीजची रचना. तुमच्या आकाराच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये सहसा एकच कॉइल असते, फ्रीजरच्या मागच्या प्लास्टिक पॅनेलच्या आड. तिथे एक छोटा पंखा असतो. तो कॉइलवरची थंड हवा फ्रीजरमध्ये फेकतो आणि त्यातली थोडी हवा मधल्या भिंतीतल्या वाटेने खालच्या कप्प्यात सोडतो. खाली स्वतःचं असं थंड करणारं काहीच नाही, वरून येणाऱ्या हवेवरच सगळं चालतं. म्हणून वर ठीक आणि खाली गरम असेल तर दोष हवेच्या प्रवासात असतो. पंखा, हवेची वाट, ती उघड-बंद करणारी झडप म्हणजे डॅम्पर, किंवा कॉइलवर इतका बर्फ की हवा पुढे सरकतच नाही, या चारांपैकी एक.

इथे एक बारकावा आहे. "वर बर्फ होतो" एवढ्यावर फ्रीजर ठीक आहे असं म्हणता येत नाही. पाणी शून्याला गोठतं. फ्रीजर उणे ५ वर असला तरी ट्रेमध्ये बर्फ होईल, पण तो फ्रीजर आजारीच समजायचा. चांगला फ्रीजर उणे १८ च्या आसपास असतो. थर्मामीटर नसेल तर आइस्क्रीमचा एक छोटा कप रात्रभर आत ठेवा. सकाळी चमचा आत जाता जात नसेल तर कॉइल तिचं काम करतेय आणि गॅस जागेवर आहे. आइस्क्रीम मऊ असेल, चमचा सहज शिरत असेल, तर फ्रीजरसुद्धा कमी पडतोय. अशा वेळी बर्फाने तुंबलेली कॉइल आणि कमी झालेला गॅस या दोन्ही शक्यता उरतात. त्यांतली कोणती ते पॅनेल उघडल्यावर दिसतं, ते पुढे सांगतो.

आज रात्री घर शांत झालं की फ्रीजरचा दरवाजा उघडा आणि चौकटीतलं दरवाज्याचं बटण बोटाने दाबून धरा, म्हणजे फ्रीजला दरवाजा बंद आहे असं वाटतं. कॉम्प्रेसर चालू असताना आतून पंख्याचा हलका घों असा आवाज यायला हवा आणि जाळीपुढे हात धरला तर वारा लागायला हवा. काही मॉडेलमध्ये दरवाजा उघडल्यानंतर पंखा मिनिट-दोन मिनिटं उशिरा सुरू होतो, तेव्हा लगेच निष्कर्ष काढू नका. आवाजच नसेल तर पंख्याची मोटर गेली किंवा पातं बर्फात अडकलं. "खर्र खर्र" असा घासल्याचा आवाज येत असेल तर पातं बर्फाला लागतंय, म्हणजे मागे बर्फ वाढलाय हे जवळपास ठरलंच. आवाज आहे, वर वाराही आहे, पण खालच्या कप्प्यातल्या भोकांपुढे हात धरल्यावर काहीच जाणवत नाही, तर वाट बंद आहे.

हा बर्फ का साचतो ते सांगतो, कारण दुरुस्ती त्यावरूनच ठरते. दरवाजा उघडला की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि तिच्यातलं पाणी सगळ्यात थंड जागी, म्हणजे कॉइलवर, गोठून बसतं. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये हा थर आपोआप वितळवायची सोय असते. जुन्या मॉडेलमध्ये टायमर आणि नव्यामध्ये सर्किट बोर्ड ठरावीक काळाने कॉम्प्रेसर थांबवतो आणि कॉइलखालचा हीटर लावतो. टायमरवाल्या फ्रीजमध्ये साधारण आठ-दहा तास कॉम्प्रेसर चालला की वीस-तीस मिनिटं हीटर, असं चक्र असतं. वितळलेलं पाणी खालच्या पन्हाळीतून नळीने मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं आणि त्याच्या उष्णतेने उडून जातं. या साखळीतला एक तुकडा जरी बंद पडला तरी थर वाढत जातो. आधी पांढरा भुरभुरीत, मग घट्ट, आणि शेवटी कॉइलच्या पात्यांमधली जागा पूर्ण भरून भिंतच तयार होते. वरचा कप्पा त्या भिंतीला चिकटूनच असल्यामुळे बराच काळ थंड राहतो, खालचा उपाशी मरतो. तुमच्याकडे नेमकं हेच दिसतंय.

पावसाळ्यात मुंबईत, कोकणात, गोव्यात हा त्रास लवकर होतो, कारण हवेत पाणीच जास्त. तीच तक्रार सोलापूर-लातूरकडे मे महिन्यात आली तर मी दरवाज्याच्या रबरापेक्षा हीटरच्या साखळीकडे आधी बघतो.

आता चाचणी. फ्रीज रिकामा करा. दूध, उरलेली भाजी शेजाऱ्यांकडे किंवा बर्फ घातलेल्या डब्यात. बटण बंद करून पिन बोर्डातून काढा. दोन्ही दरवाजे उघडे ठेवा, खाली जाड फडकी आणि फ्रीजरमध्ये एक पसरट भांडं. चोवीस तास तसाच राहू द्या. घाई असेल तर समोर टेबल फॅन लावा, फ्रीजरमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवा आणि ते गार झालं की बदला. सुरी, उलथणं, स्क्रू ड्रायव्हर यांतलं काहीही बर्फात खुपसायचं नाही. हेअर ड्रायर फार जवळ धरू नका, पॅनेलचं प्लास्टिक वाकतं. मागचा ट्रे भरून वाहू शकतो, तोही अधूनमधून बघा. बाहेरून कोरडं दिसलं म्हणून चार तासांत पिन लावाल तर चाचणी वाया गेली. पॅनेलच्या आतला बर्फ सगळ्यात शेवटी सुटतो.

मग फ्रीज सुरू करा, मधल्या सेटिंगवर. दुसऱ्या दिवशी खालच्या कप्प्यात मधल्या फळीवर पाण्याचा ग्लास ठेवून त्यात थर्मामीटर रात्रभर राहू द्या. ३ ते ५ अंश आले तर उत्तम. हवेचं तापमान मोजू नका, दरवाजा उघडताच ते बदलतं, पाण्याचं खरं.

यातून काय कळतं? फ्रीज नव्यासारखा गार झाला आणि पाच-सात दिवसांनी पुन्हा हळूहळू खाली गरम व्हायला लागला, तर बर्फ वितळवणारी साखळी बंद आहे. गॅसचा प्रश्न मिटला, कारण कमी गॅस बर्फ वितळवल्याने भरून येत नाही. दीड-दोन दिवसांतच बर्फ परत आला तर कुठून तरी सतत हवा आत येतेय: रबर, न बसणारा दरवाजा, पुढे आलेला एखादा डबा. आणि चोवीस तास बंद ठेवूनही खालचा कप्पा मुळीच सुधारला नाही तर पंखा, डॅम्पर किंवा मग खरोखर गॅस.

पहिला प्रकार निघाला तर मेकॅनिकला बोलवा, पण या वेळी काय तपासायचं ते तुम्हीच सांगा. हे काम घरी करू नका, तिथे २३० व्होल्ट आणि ओलावा एकत्र असतात. फ्रीजरचं मागचं पॅनेल तुमच्यासमोर उघडायला लावा, तेही बर्फ साचलेला असताना, वितळवायच्या आधी. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मी तर गिऱ्हाइकाला बोलावून दाखवतोच, कारण त्या एका दृश्यात निम्मं निदान असतं. कॉइल वरपासून खालपर्यंत सारखी पांढरी असेल तर गॅस पूर्ण आहे. वरच्या किंवा सुरुवातीच्या दोन-तीन नळ्यांवरच बर्फाचा गोळा आणि बाकीची कॉइल उघडी, ओली किंवा कोरडी असेल, तर गॅस कमी आहे किंवा कॅपिलरी अर्धवट तुंबली आहे. मागून कॉम्प्रेसरला हात लावून यातलं काहीच कळत नाही.

त्या साखळीत बघायच्या गोष्टी म्हणजे हीटर, थर्मल फ्यूज (फार तापलं की उडून वीज तोडणारा), बायमेटल (तापमानाप्रमाणे हीटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) किंवा सेन्सर, आणि टायमर किंवा बोर्ड. हीटर मल्टीमीटरवर तपासतात. २०० वॉटचा असेल तर साधारण २६५ ओहम दाखवेल. काहीच दाखवलं नाही तर तार तुटली. काचेच्या नळीचा हीटर असेल तर नळी काळी पडलेली बऱ्याचदा डोळ्यांनीच दिसते. थर्मल फ्यूजमधून करंट नेहमी पार झालाच पाहिजे. तो एकदा उडाला की बदलायचा, वायर जोडून सरळ करायचा नाही. हे ठासून सांगतो, कारण फ्यूज टाळून वायर जोडलेले फ्रीज मी उघडलेले आहेत. त्यात बायमेटल चिकटला तर हीटर थांबतच नाही आणि आतलं प्लास्टिक जळतं.

बायमेटलची गंमत अशी की तो थंडीत जोडला जातो आणि गरम झाला की उघडतो. खोलीच्या तापमानाला तो उघडाच दाखवणार. पुष्कळ चांगले बायमेटल टेबलावर तपासून "खराब" म्हणून फेकले जातात आणि खरा दोष तसाच राहतो. तो बर्फ-मिठाच्या मिश्रणात किंवा चालू फ्रीजरमध्ये गार करून तपासायचा. तेव्हाही जोडला गेला नाही तरच बदलायचा. टायमरवाला फ्रीज असेल तर टायमरची खाच स्क्रू ड्रायव्हरने हळूहळू फिरवली की एका जागी "टक" असा आवाज येतो, कॉम्प्रेसर थांबतो आणि हीटरला वीज जाते. हाताने फिरवल्यावर बर्फ सुटला पण आपोआप चक्र होत नसेल, तर टायमरची मोटर थकली. नव्या मॉडेलमध्ये बायमेटलऐवजी सेन्सर असतो. थंडीत त्याचा रेझिस्टन्स वाढतो. त्याचे आकडे मॉडेलप्रमाणे वेगळे, त्यासाठी कंपनीचा तक्ता लागतो. बोर्ड सगळ्यात शेवटी. बोर्ड महाग आणि तो बदलून बघायचा मोह मोठा, पण आधी त्याच्या कप्प्यात बघा. मुंग्या, झुरळं, पाल शिरून ट्रॅक जळालेले आणि उंदराने वायर कुरतडलेल्या हे आपल्याकडे नेहमीचं.

या सुट्या भागांची किंमत गॅसच्या कामापेक्षा पुष्कळ कमी असते. बायमेटल, फ्यूज यांचं तर काही शे रुपयांत भागतं. म्हणूनच मी गॅसचं नाव शेवटी घेतो.

पंखा किंवा डॅम्पर निघाला तर काम सरळ आहे. मोटर बदलतात, डॅम्पर बदलतात. पण त्याआधी तुमच्या फ्रीजरमधली ती फिरवायची खुंटी कुठे आहे बघा. दोन दरवाज्यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये वरची खुंटी फ्रीजर "जास्त थंड" करते म्हणजे खाली जाणारी हवा कमी करते. मुलांनी आइस्क्रीमसाठी ती टोकाला फिरवली, की दोन दिवसांत खालचं दूध नासायला लागतं आणि घरात सगळे फ्रीज बिघडला म्हणतात. खाली हवा येणाऱ्या भोकांपुढे काय ठेवलंय तेही बघा. गणपती-दिवाळीत किंवा पाहुणे असताना पातेली मागच्या भिंतीला टेकवून कोंबली जातात. कॅरीबॅगमधली पालेभाजी जाळीला चिकटली तरी तीच गत. चार बोटं जागा मागे मोकळी हवी.

रबराची तपासणी अशी: दरवाज्यात नोट अडकवून दरवाजा बंद करा आणि नोट ओढा. थोडी अडखळत यायला हवी. सहज सुटली तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी बघा, बिजागरीच्या बाजूला आणि खालच्या कोपऱ्यात जास्त. रबराच्या घड्यांत साचलेलं दूध-साखरेचं चिकट आधी कोमट साबणपाण्याने काढा, कित्येकदा तेवढ्यानेच रबर पुन्हा चिकटतं. दबलेला भाग गरम पाण्याच्या फडक्याने शेकून बोटांनी बाहेर ओढला तर बराचसा पूर्ववत होतो. कडक होऊन चिरा पडल्या असतील तर मात्र बदलाच. दरवाजाच खाली झुकला असेल तर बिजागरीचा स्क्रू आवळून आणि पुढचे पाय थोडे उंच करून बघा. फ्रीज किंचित मागे झुकलेला असला की दरवाजा आपोआप लागतो.

तुमचा प्रश्न वर ठीक, खाली गरम असा आहे. पण वर-खाली दोन्हीकडे काहीच गार होत नसेल तर तपासायचा क्रम वेगळा, तो थोडक्यात सांगतो. दिवा लागतो का, कॉम्प्रेसर चालतो का, हे आधी. कॉम्प्रेसर गप्प आणि दर दोन-चार मिनिटांनी मागे "टिक्" असा आवाज येत असेल, तर तो सुरू व्हायचा प्रयत्न करतोय आणि ओव्हरलोड, म्हणजे त्याला जळण्यापासून वाचवणारा स्विच, त्याला बंद पाडतोय. कारणं तीन: व्होल्टेज कमी, रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग) खराब, किंवा कॉम्प्रेसर जाम. रिले काढून कानाशी हलवा; आतून खुळखुळ आवाज आला तर आतली चकती फुटली आहे, आणि हा स्वस्त भाग आहे. गावाकडे संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज १७०-१८० वर येतं, साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या, कॉम्प्रेसरला ते झेपत नाही. तिथे चांगला स्टॅबिलायझर हवाच. वीज जाऊन लगेच आली तर असा साध्या कॉम्प्रेसरचा फ्रीज तीन ते पाच मिनिटं बंदच ठेवा, नळ्यांमधला दाब समान झाल्याशिवाय कॉम्प्रेसर सुरू होत नाही आणि जबरदस्तीने त्याची वाइंडिंग जळते.

कॉम्प्रेसर सतत चालतोय पण गारवा नाही, आणि बाजूचे पत्रे किंवा मागची काळी जाळी अजिबात गरम होत नाही, तेव्हा गॅसचा संशय खरा. नव्या फ्रीजमध्ये कंडेन्सर बाजूच्या पत्र्याआड असतो, त्यामुळे बाजू गरम लागणं हे कूलिंग चालू असल्याचं लक्षण आहे, घाबरायचं कारण नाही. उलट बाजू भाजतायत आणि तरी गारवा कमी, तर फ्रीजला श्वास घ्यायला जागा नाही. भिंतीपासून निदान वीतभर अंतर ठेवा, जाळीवरची धूळ आणि तेलकट काजळी ब्रशने काढा, गॅसच्या शेगडीला चिकटून ठेवला असेल तर हलवा. आणि लेबलवर "टी" वर्ग लिहिलाय का बघा. त्याचा अर्थ फ्रीज ४३ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलाय. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात बंद स्वयंपाकघरात तापमान याच्याही वर जातं, तेव्हा कॉम्प्रेसर दिवसभर चालणं हा दोष नाही.

एक दरवाज्याच्या साध्या फ्रीजमध्ये गॅस जायचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे बर्फ सुरीने काढणं. वरचा पेटीसारखा फ्रीजर हाच ॲल्युमिनियमचा कॉइल असतो, त्याच्या पत्र्यातच नळ्या असतात. सुरीचं टोक लागलं की "स्स्स" असा आवाज येतो आणि गॅस गेला. तसं झालं असेल तर लगेच खिडक्या उघडा, शेगडी विझवा, दिव्याचं बटणसुद्धा चालू-बंद करू नका. का, ते पुढच्या परिच्छेदात.

आता समजा खरंच गॅस गेलाय. मागच्या लेबलवर किंवा कॉम्प्रेसरवर गॅसचं नाव आणि वजन लिहिलेलं असतं. आजकालच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो, आणि तो पेट घेतो. कॉम्प्रेसरवर पिवळा त्रिकोण दिसेल. काही वर्षांपूर्वीच्यांत आर-१३४ए. त्याआधीचा आर-१२ ओझोन थर वाचवण्यासाठीच्या माँट्रियल करारामुळे २०१० पर्यंत बंद झाला. लेबलवर जो लिहिलाय तोच भरायचा. ६००ए च्या फ्रीजमध्ये १३४ए भरून देणारे आहेत. तेल वेगळं, कॉम्प्रेसरची क्षमता वेगळी, कॅपिलरीची लांबी वेगळी. चार महिने चालतो आणि कॉम्प्रेसर घेऊन जातो.

६००ए चं प्रमाण फार थोडं असतं, ४०-६० ग्रॅमच्या आसपास. पाच-दहा ग्रॅम चुकले तरी फरक पडतो. म्हणून तो डिजिटल काट्यावर मोजूनच भरायला हवा, गेज बघून किंवा नळी गार लागते का बघून नाही. दुसरं म्हणजे हा गॅस कॉइलमध्ये असताना त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो. त्यामुळे कॉइलच्या बाजूला भोक असेल तर गॅस बाहेर जाण्याऐवजी चालू फ्रीज बाहेरची दमट हवाच आत ओढतो. ती आर्द्रता कॅपिलरीच्या तोंडाशी गोठते. फ्रीज थोडा वेळ गार करतो, मग थांबतो, बंद ठेवला की पुन्हा थोडा गार करतो. अशा फ्रीजमध्ये नुसता गॅस भरणं म्हणजे आतलं पाणी आतच ठेवणं.

नीट काम कसं असतं? नायट्रोजन भरून दाब देतात, साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासतात आणि दाब टिकतो का बघतात. लीक सापडला की तो बुजवतात. फिल्टर-ड्रायर, म्हणजे गॅसमधला ओलावा आणि कचरा अडवणारा भाग, नवा बसवतात; सिस्टिम उघडली की हा बदलायचाच, याला अपवाद नाही. मग व्हॅक्यूम पंप लावून निदान अर्धा तास हवा आणि ओलावा काढतात. फ्रीजचाच कॉम्प्रेसर चालवून हवा काढायची पद्धत सर्रास चालते, पण त्याने ओलावा निघत नाही. शेवटी वजन करून गॅस. हे सगळं करायला दोन-तीन तास लागतात. अर्ध्या तासात कुणी गॅस भरून उठला तर यातलं बरंच काही राहिलेलं आहे. ६००ए असेल तर आत गॅस असताना नळीला ज्योत लावायची नाही, खिडक्या उघड्या हव्यात, पंखा चालू-बंद करणंही आधी उरकायचं. कामाला येणाऱ्याला फोनवरच विचारा: काटा आहे का, व्हॅक्यूम पंप आहे का, ड्रायर बदलणार का? उत्तर टाळलं तर दुसरा बघा. बिलावर गॅसचं नाव, ग्रॅम, लीक कुठे सापडला आणि किती महिन्यांची हमी हे लिहून घ्या.

लीक भिंतीच्या फोममध्ये निघाला तर विचार करावा लागतो. दरवाज्याच्या चौकटीभोवती घाम येऊ नये म्हणून फिरवलेली गरम नळी गळत असेल तर ती वगळून बाहेरून जोड देता येतो, आणि फ्रीज पुढे वर्षानुवर्षं चालतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत ही नळी गंजलेली बऱ्याचदा सापडते. पण एक दरवाज्याच्या मॉडेलमध्ये फोमच्या आतली कॉइलच गळत असेल तर दहा-बारा वर्षांच्या फ्रीजवर तो खर्च करायला मी सांगत नाही. तुमचा सहा वर्षांचा आहे. वॉरंटी कार्ड शोधा. बऱ्याच कंपन्या कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी देतात, फक्त त्यात गॅस आणि मजुरी धरली आहे का ते नीट वाचा.

तर आज आइस्क्रीमचा कप ठेवा आणि रात्री पंख्याचा आवाज ऐका. उद्या-परवा सोयीने चोवीस तासांची चाचणी करा. मेकॅनिक आधीच येणार असेल तर चाचणी थांबवा, पॅनेल त्याला बर्फासकट उघडू द्या. मग मला इतकं कळवा: मागच्या लेबलवर गॅसचं नाव काय आहे, आइस्क्रीम घट्ट होतं की मऊ, आणि वितळवल्यानंतर खाली किती दिवस गारवा टिकला. कॉइलचा फोटो मिळाला तर तोही पाठवा.